ती काही बोलली नाही

प्रिय इवेलीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, एवढं तरी केलंस. फोन तू उचलत नाहीस. निरोप ठेवले, तेही ऐकले नसशील. म्हणून कागद. रागात माझं अक्षर वाकडंतिकडं होतं, आणि मग तू मजकूर सोडून चुका शोधत बसतेस, म्हणून आधी सगळं कच्चं लिहून काढलं आणि आता टेबलाशी नीट बसून उतरवतोय. राग त्यात तसाच ठेवला आहे. तो स्वच्छ करायचा माझा विचार नाही.

आधी बातमी. तीती घरी नाही. तिला नेलं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला ते पिवळ्या विटांचं नर्सिंग होम आहे ना, जिथून जाताना ती लहानपणी आपल्याला सांगायची, ‘इथे माणसं ठेवतात आणि विसरतात,’ तिथेच, दुसऱ्या मजल्यावर. सध्या ‘तात्पुरतं, तिच्या सुरक्षिततेसाठी’ असं कागदावर आहे. येत्या गुरुवारी सुनावणी आहे. सरकारने नेमलेला न्यायाधीश ठरवणार, तीती घरी येऊन पूर्वीसारखी आपल्या मर्जीने राहणार, की तिथेच कायमची. आपल्या दोघांना तिने पोटच्या पोरांसारखं वाढवलं, आणि सुरक्षित कुणापासून, तर तिच्या भाच्यापासून, माझ्यापासून.

मला तिला भेटता येतं, पण जेवणाच्या मोठ्या खोलीत, सगळ्यांसमोर, त्यांचं कुणीतरी शेजारी उभं असताना. मी तिला हात लावायचा नाही. परवा तिची मान डावीकडे कलली होती. ती तशी कलली की तिला श्वास घेताना त्रास होतो, बोटाने हनुवटी जराशी वर केली की संपलं. मी त्या बाईला म्हटलं, ‘ताई, तिची हनुवटी तेवढी वर करा.’ ती म्हणाली, ‘आमचं आम्ही बघतो.’ मग वाकून तीतीच्या कानाशी, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडली, ‘आज आपण कसे आहोत, हं? छान आहोत ना?’ इवेलीस, जिने शाळेची बस चालवताना एका हाकेत अख्खी बस गप्प केली, तिच्याशी कुणी असं बोलतं. तिला भरवतात ते राखाडी रंगाचं काहीतरी असतं. वास नसतो. घरी मी हिरव्या तुरीच्या दाण्यांचा भात वाटून द्यायचो, लसूण-मिरचीची फोडणी आधी तिच्या नाकाखाली धरायचो, कारण चव गेली असली तरी वास आहे, असं तिनेच मला बजावलं होतं. तिथे मी हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं. हल्ली माझ्याकडे बघून सगळेच काहीतरी लिहितात.

तू इथून गेलीस तेव्हा तीती बोलत होती. शब्द जड झाले होते, पण शिव्या स्पष्ट होत्या. स्नायूंच्या त्या आजारात हात आधीच निकामी झाले होते. एजन्सीच्या बायका यायच्या, दर आठवड्याला नवीन, कुणी तिचे केस ओढून विंचरणारी, कुणी टीव्ही लावून बसणारी. एकीने तिला सकाळी उठवून खुर्चीत बसवलं आणि दुपारपर्यंत स्वतःच्या नवऱ्याशी फोनवर भांडत बसली. तीती नंतर म्हणाली, ‘भांडण चांगलं होतं, पण मला बाथरूमला जायचं होतं.’ त्यानंतर ते मिस्टर कोवाल्चिक आपल्या घरी आले. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. दाढीवाले, पाय नसलेले, व्हीलचेअरला बेसबॉलचे स्टिकर, जिन्यावरून त्यांना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. आपल्या चर्चमागे अपंग माणसांनीच चालवलेलं एक छोटं ऑफिस होतं, त्याचे ते प्रमुख. सरकारची एक योजना आहे, म्हणाले, ज्यात मदतनीस तुम्हीच निवडायचा, तुम्हीच शिकवायचा, नकोसा झाला की तुम्हीच काढायचा. पगार सरकार देणार, आम्ही फक्त मधले कारकून. मग माझ्याकडे वळले. ‘पोरा, नीट ऐक. या घरात ही मालकीण. तू नोकर. तिने चुकीचा हुकूम दिला, तर तो चुकीचा हुकूम देणं हाही तिचा हक्क. पटतंय का?’ मला पटलं नव्हतं. मला रात्रंदिवस भीती वाटते, तुला माहीत आहे. गॅस बंद केला का, दार लावलं का. असल्या माणसाला असली नोकरी.

आणि तीतीने माझी मुलाखत घेतली! आपल्याच स्वयंपाकघरात, मला समोर बसवून. ‘उशीर करशील?’ नाही. ‘फोनवर मुलींशी बोलत बसशील?’ मुली कुठायत, तीती. ‘ते मला दिसतंय. मी रडले तर काय करशील?’ मी म्हटलं, विचारीन का रडतेस. ती म्हणाली, ‘चूक. नाक पुसशील. मला स्वतःचं नाक पुसता येत नाही, गाढवा. विचारायचं ते नंतर.’ आणि ठेवलं मला.

एकदा काढलंही. डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, झोप येते का. तिचं उत्तर यायला वेळ लागत होता, बाहेर माणसं खोळंबली होती, म्हणून मीच घाईत बोलून टाकलं, ‘येते, पण मध्येच उठते.’ उत्तर बरोबर होतं. घरी आल्यावर म्हणाली, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ मी म्हटलं, तीती, मी इथेच राहतो. ‘मग राहा. पण काम दुसरा कुणी करील. माझ्या तोंडातला घास काढ, चालेल. शब्द काढायचा नाही.’ दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची दोन्या कार्मिन खाली आली, तिला उचलता उचलता स्वतःच पलंगावर पडली, दोघी हसून हसून रडल्या, आणि मला परत घेतलं. पण ते मी विसरलो नाही. आवाज पूर्ण गेल्यावर आम्ही अक्षरांची पाटी केली. मी अक्षरांवरून बोट फिरवतो, हव्या त्या अक्षरावर ती भुवया उचलते. अर्धा शब्द झाला की मला पुढचा कळतो, तरी मी कधी पुरा करत नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत थांबतो. थंडीत ती म्हणायची, बाहेर जिन्यावर बसव, कॉफी पाज. मी म्हणायचो सर्दी होईल. पाटीवर अक्षर अक्षर येई: ‘माझी सर्दी.’ मग मी बसवायचो. घशात अडकू नये म्हणून दाट केलेली कॉफी चमच्याने भरवायचो. बर्फात लालबुंद नाक करून ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायची, जणू रस्ता तिनेच बांधलाय.

आता या योजनेतल्या तुमच्या सुधारणेबद्दल. हो, तुमच्याच. राज्याने जिच्या हाती सगळं दिलं त्या कंपनीत तू आहेस.

मी पहिल्या दिवसापासून विरोधात होतो असं समजू नकोस. या योजनेत चोऱ्या होत होत्या. आपल्याच बिल्डिंगमधला तो नेल्सन, बापाची सेवा करतो म्हणून पगार घेत होता आणि राहत होता फ्लोरिडात. म्हातारा दोन्या कार्मिनकडे जेवायचा. असल्यांना कुणीतरी पकडायलाच हवं होतं. पण राज्याने काय केलं? मिस्टर कोवाल्चिक यांच्यासारखी सगळी छोटी ऑफिसं एका झटक्यात बंद केली आणि अख्ख्या राज्यातली अंथरुणावरची माणसं एका कंपनीच्या हवाली केली. शेवटच्या दिवशी ते आले होते निरोप घ्यायला. तीतीला म्हणाले, ‘मिग्दालिया, मी आता बेकार. तुला मदतनीस हवा का? मला फक्त जिने चढता येत नाहीत.’ ती इतकी हसली की मला तिची लाळ दोनदा पुसावी लागली.

तुझी तिथे दुभाषी म्हणून नोकरी पक्की झाल्याचं कळलं तेव्हा तीतीने मला बेकरीत पाठवून केक मागवला. खाऊ शकत नव्हती, तरी. दोन्या कार्मिनला बोलावलं, तिला पाटीवर सांगितलं, ‘आपलं माणूस आत आहे. आता काळजी नाही.’ हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता माहीत असू दे.

मग सुरू झालं. नव्या कंपनीत नाव नोंदवायचं तर ग्राहकाने स्वतः फोनवर बोलायला हवं. मी फोन तीतीच्या तोंडाशी धरला. यंत्र म्हणालं, तुमचं नाव सांगा. तीतीने श्वास सोडला, तेवढाच तिचा आवाज. यंत्र म्हणालं, समजलं नाही. तिने पुन्हा जोर लावला, गळ्याच्या शिरा फुगल्या. समजलं नाही. मी घाबरून मध्ये बोललो की तिला बोलता येत नाही. तर लगेच माणूस आला फोनवर: ‘आपण कोण? मदतनीस? ग्राहकाच्या जागी मदतनीस बोलला तर ती फसवणूक धरली जाते, माहीत आहे ना?’ मी विचारलं, मग मुक्या माणसाने काय करायचं? तो म्हणाला, ‘प्रतिनिधी नेमायचा. मदतनीस सोडून दुसरा कुणीही.’ तीतीला सांगितलं. तिने पाटीकडे पाहिलं. ‘तोंड बिघडलंय. डोकं नाही. नाही नेमणार.’ कारण प्रतिनिधी नेमला की कागदावर लिहिलं जातं, हिला स्वतःची काळजी स्वतः ठरवता येत नाही. ते तिला स्वतःच्या नावाने लिहून द्यायचं नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, तीती, नुसता कागद आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेलो.

म्हणून त्यांनी तपासणी ठेवली. व्हिडिओवर. त्यांची एक नर्स विचारणार आणि तीती उत्तरं देणार, म्हणजे कळेल तिला समजतंय की नाही. मी सकाळीच तिचे केस धुतले. तिला तो जांभळा ब्लाउज हवा होता. लिपस्टिक हवी होती, तीही मी लावली, दोन्या कार्मिन मागून सूचना देत होती, ‘ओठाला लाव रे, दाताला नको, तिला काय सर्कशीत पाठवतोयस?’ नर्स पडद्यावर आली. गोरी, थकलेली, सारखी दुसरीकडे कुठेतरी बघणारी. म्हणाली, तुमच्या भाषेची दुभाषी जोडते. आणि मग तो आवाज आला. नुसता आवाज, चेहरा नाही. स्वतःचं नाव न सांगता दुभाषी क्रमांक सांगतात तसा क्रमांक सांगितला.

इवेलीस, तीतीने एका शब्दात ओळखलं. तिचा चेहरा तू पाहिलास. तुझ्या पडद्यावर तो दिसत होता. मीही ओळखलं, आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

नर्सने पहिलं सांगितलं, ती पाटी बाजूला ठेवा, मदतनीस अक्षरं दाखवतो म्हणजे मदतनीसच बोलतो. मी ठेवली. मला मागे भिंतीशी उभं राहायला सांगितलं. राहिलो. हो असेल तर भुवया उचला. दिवस विचारला, महिना विचारला, मूल आहे का विचारलं, सगळ्याला तीतीने नीट उत्तर दिलं. मग आवाज तुटायला लागला. आपल्या घरात नेट कसं आहे ते तुला माहीत आहे. नर्सने विचारलं, ‘एफ्राइन तुमची काळजी नीट घेतो का? त्याची भीती वाटते का?’ आणि तू जे सांगितलंस त्यातलं आमच्यापर्यंत पोचलं ते फक्त ‘एफ्राइन’ आणि मग खरखर. तीतीने नाक आक्रसलं.

आपल्या बेटावरून आलेल्या कुठल्याही पोराला विचार. हात भांड्यात अडकले असले की ओठ पुढे करून मीठ दाखवायचं आणि ऐकू आलं नाही की नाक आक्रसून विचारायचं: काय? काय म्हणालात? तीतीचा आवाज गेल्यावर भुवयांखेरीज तिच्याजवळ याच दोन गोष्टी उरल्या होत्या, आणि आम्हाला त्या पुरत होत्या. ती विचारत होती, काय म्हणालीस बाळा, पुन्हा सांग. तुला विचारत होती. नर्सने बघितलं ते वेगळंच. माझं नाव घेतल्याबरोबर म्हातारीने किळस आल्यासारखं तोंड केलं, असं तिला दिसलं. तिने मान वर केली, पहिल्यांदाच नीट पडद्याकडे पाहिलं आणि तुला विचारलं, ‘ती काय म्हणाली?’

आम्ही दोघांनीही तुझा श्वास ऐकला. तू ‘पुन्हा’ असं म्हणायला सुरुवातही केली होतीस, तो अर्धा शब्द अजून माझ्या कानात आहे. मग थांबलीस. आणि म्हणालीस, ‘ती काही बोलली नाही.’

खरं बोललीस. शब्दाला शब्द बरोबर. ती काही बोललीच नव्हती.

मी भिंतीपासून धावत आलो. ओरडलो, ती विचारतेय काय म्हणून, तिला ऐकू आलं नाही! नर्स म्हणाली, तुम्ही मागे व्हा. मी नाही झालो. मी म्हटलं, दुभाषीला विचारा, तिला ठाऊक आहे, विचारा तिला! तेही लिहिलं गेलं: मदतनीस आक्रमक झाला, दुभाषीला धमकावलं. तुला धमकावलं, इवेलीस. ज्या बहिणीच्या चादरीत वीज चमकली की मी घुसायचो, तिला. नंतर नर्सच्या तक्रारीवरून पोलीस आणि सरकारी खात्याच्या दोन बायका आल्या, स्ट्रेचर आणलं. दोन्या कार्मिन जिन्यात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, ‘आधी मला उचला मग तिला,’ आणि त्यांनी खरंच तिला धरून बाजूला केलं. तीतीच्या ओठांवर लिपस्टिक तशीच होती. मी पाटी तिच्या पांघरुणाखाली सरकवली. ती त्यांनी दारात काढून माझ्या हातात परत दिली. म्हणाले, ही तिच्या सामानात येत नाही.

तुझा नियम मला पाठ आहे. तुझी बाजू कुणी मांडायला नको, मीच मांडतो. दुभाष्याने बोललेलंच सांगायचं, चेहऱ्याचा अर्थ लावायचा नाही. आणि समोर नात्यातलं माणूस निघालं तर तिथल्या तिथे सांगून बाजूला व्हायचं. तू सांगितलं नाहीस, बहुतेक आधी गोंधळलीस, मग उशीर झाला. सांगितलं असतंस तर दुसरा दुभाषी आला असता. नाही सांगितलंस, तर निदान नातं वापरायचं होतंस. तू दोन्हीतलं काहीच केलं नाहीस. अर्ध्या वाटेत उभी राहिलीस. आणि आता बोललीस तर नियम मोडल्याचं बाहेर येईल आणि नोकरी जाईल. मला सगळं समजतं. समजतं म्हणूनच जास्त चीड येते.

या देशात आल्यावरची तुझी पहिली शाळा आठवते? मला नाही आठवत, मी पाळण्यात होतो, पण तीतीने इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखा आहे. बाईंचं इंग्रजी तुला कळलं नाही, तू नाक आक्रसून विचारलंस आणि त्यांनी तुला उद्धट म्हणून वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तीतीने पोरं उतरवून बस शाळेच्या दारात आडवी लावली, मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, ‘ती उद्धट नाही. ती तुम्हाला विचारतेय. विचारणाऱ्या पोरीला बाहेर काढता, मग शिकवता कुणाला?’ बस हलेना म्हणून रस्त्यावर गाड्या अडकल्या, भोंगे वाजत होते. तीती म्हणाली, वाजू देत. तिच्यावर कारवाई झाली. तिने ती तुला कधी कळू दिली नाही. मला आजारी पडल्यावर सांगितलं.

तू म्हणशील, एफ्राइन, राग सोपा असतो, राज्य चालवून बघ. ठीक आहे. मी शिकलेला नाही, पण सांगतो काय करायचं. ज्या घरात माणूस झोपून आहे त्या घरात कुणीतरी चालत यावं. स्वयंपाकघरात बसावं, कॉफी घ्यावी, बघावं. नेल्सनसारखे तिथल्या तिथे सापडतात, फार हुशारी लागत नाही, म्हातारा कुणाकडे जेवतो एवढं बघितलं की पुरतं. ज्याला जसं बोलता येतं तसं त्याचं बोलणं धरावं, पाटी असेल तर पाटी. मिस्टर कोवाल्चिक यांच्यासारख्यांना परत बोलवावं, कारण उचलून नेतात म्हणजे काय हे त्यांच्या शरीराला ठाऊक आहे. आणि नियम करणाऱ्यांच्या टेबलाशी एक तरी पलंग लावावा. हे मी गुरुवारी न्यायाधीशाला सांगणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, सांगू नकोस, तुझ्यावरच आरोप आहे, तू जितकं बोलशील तितकं महागात पडेल.

या वकीलबाई म्हणजे श्रीमती फेल्डर, गरिबांच्या केसेस फुकट चालवणाऱ्या संस्थेतल्या. बुटक्या, सारख्या शिंकणाऱ्या, पण डोकं तेज. त्यांनी रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. म्हणाल्या, नाकाचा अर्थ सांगायला तुमची शेजारीण येईल, पण कंपनी म्हणणार, ही मैत्रीण, ही सांगणारच. प्रश्न तीतीपर्यंत पोचलाच नव्हता हे रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही, कारण ते तुमच्या बाजूला झालंय, कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं स्पष्ट आहे. प्रश्न तुटला, तिने पुन्हा विचारलं, आणि ते स्वतःला कळलं होतं, एवढं एकच माणूस सांगू शकतं. त्यांनी त्या अर्ध्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही दुभाषी कोण? हिला समन्स काढू. मी तोंड उघडणार होतो. पण तीतीचा जीव, तीतीची केस. मी म्हटलं, तीतीलाच विचारा.

वकीलबाईंनी भांडून पाटी नर्सिंग होममध्ये नेली. मला हात लावायची मनाई, म्हणून अक्षरांवरून बोट त्यांनीच फिरवलं, मी लांब खुर्चीवर. त्यांना सवय नव्हती, फार वेळ लागला, मध्ये तीती दमून डोळे मिटायची. मी शब्द पुरा केला नाही. तिने पहिल्यांदा सांगितलं, ‘समन्स नाही.’ वकीलबाई म्हणाल्या, मॅडम, त्याशिवाय आपण बहुतेक हरू. तीतीने पुन्हा पाटीकडे पाहिलं. ‘ती माझी मुलगी. नोकरी जाईल.’ वकीलबाईंना तेव्हा कळलं तू कोण ते. त्या शिंकायच्याही विसरल्या. म्हणाल्या, मॅडम, तुम्ही इथेच राहाल. तीतीने भुवया उचलल्या. हो. माहीत आहे. आणि मग डोळे माझ्याकडे वळवले आणि मला हुकूम दिला, अक्षर अक्षर करून: ‘तू तिला बोलवायचं नाहीस.’

मी कधीही इतका चिडलो नव्हतो. तिच्यावरसुद्धा. बाहेर येऊन मी त्या पिवळ्या भिंतीला लाथ मारली, अंगठा अजून सुजलाय. मला वाटलं, हा हुकूम चुकीचा आहे, हा मी मोडणार. मग मिस्टर कोवाल्चिक आठवले. चुकीचा हुकूम देणं हाही तिचा हक्क. तिचं सगळं काढून घेतलंय त्यांनी, खोली, कॉफी, जिना, पाटी. हुकूम द्यायचा तेवढा तिच्याकडे उरलाय, आणि तिने तो तुझ्यासाठी खर्च केला. तो मीच मोडला तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

म्हणून, इवेलीस, मी तुला बोलावत नाही. हे पत्र बोलावणं नाही, हे नीट वाच. तीतीचं काय चाललंय हे घरच्या माणसाला कळवू नकोस, असं तिने मला सांगितलेलं नाही, म्हणून फक्त कळवतोय. सुनावणी गुरुवारी सकाळी दहाला, न्यायालयाच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. राजधानीहून पहाटेची बस पकडली तर माणूस वेळेत पोचतं. ज्याला स्वतःहून काही सांगायचं असेल त्याला समन्स लागत नाही, दारातल्या शिपायाला नाव सांगितलं की आत घेतात. मी जाऊन विचारून आलोय.

अजून तरी तुझाच,
एफ्राइन